डेन्मार्कचीं दोन ठाणीं व त्यांचा कागद

इ. स. १८१६ मध्यें नागपूरकर भोसल्यांची मराठी वंशावळ मोडी टंकांत छापून प्रसिद्ध झाली. आमचा वर्धा जिल्हा १८६२ मध्यें नागपुरापासून वेगळा निघाला. वंशावळ छापली तेव्हां हा मुलूख भोसल्यांचाच होता. ग्रंथ मात्र छापला गेला हुगळीकांठच्या श्रीरामपुरांत (अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रीरामपूर तें निराळें), आणि तें ठाणें डेन्मार्कच्या राजाचें! आमच्या राजकुळाच्या ग्रंथास कागद पुरविणारें हें चिमुकलें राज्य स्वतः कागद कोठून आणीत होतें, हें पाहण्याजोगें आहे.

डेन्मार्कचीं हिंदुस्थानांत मुख्य ठाणीं दोन : कावेरीच्या मुखाकडील तरंगंबाडी (१६२०) आणि श्रीरामपूर (१७५५). पहिल्या ठिकाणीं १७१२ मध्यें छापखाना आला. भाषा तमिळ, परंतु कागद यूरोपांतून गलबतानें येणारा. हाल शहराहून आलेले तमिळ टंक मोठे असल्यामुळें कागद भराभर संपे. तेव्हां झीगेनबाल्गच्या मंडळीनें लहान टंक ओतविले. त्यांस लागणारें शिसें विलायतेहून आलेल्या चीजच्या डब्यांच्या झांकणांचें होतें! कागद वांचविण्याची याहून बोलकी साक्ष आमच्या पाहण्यांत नाहीं. १७१६ च्या सुमारास जवळच्या पोरैयार येथें कागदाचा कारखानाही काढला. पण तो फार काळ चालला नाहीं, व आयातीवरील भिस्त कायम राहिली.

श्रीरामपूरची गोष्ट वेगळी. १८०० मध्यें केरी तेथें पोंचला आणि मराठी व्याकरण (१८०५) व कोश (१८१०) तेथूनच निघाले. जवळपास देशी कागद मिळत असे, परंतु भाताच्या खळीमुळें त्यास कीड लागे. म्हणून चांगल्या कामास विलायती कागद मागवावा लागे. ११ मार्च १८१२ च्या आगींत कागदाचा मोठा सांठा जळाला. मिशननें स्वतःचा कागदही करावयास घेतला, तो किडीस दाद न देणारा म्हणून नांवाजला, आणि १८२० मध्यें गिरणीस वाफेचें यंत्र जोडलें.

येथें कोणी म्हणेल, तरंगंबाडी हरली, श्रीरामपूर जिंकलें. रिमांची मोजणी केली तर तसेंच दिसेल. परंतु तें वाफेचें यंत्र इंग्लंडांतून आलेलें होतें. म्हणजे आयात थांबली नाहीं. कागदाच्या जागीं यंत्र आलें. शिवाय एकास देशी कच्चा कागद व कारागीर शेजारीं लाभले, दुसऱ्यास तसे लाभले नाहींत. निव्वळ आंकड्यांनीं दोहोंची तुलना करणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. असो. दोन्ही ठाणीं १८४५ मध्यें साडेबारा लक्ष रुपयांस इंग्रजांच्या कंपनीनें विकत घेतलीं.

वर्धेच्या वांट्यास हा प्रश्न आला तो १९३४ च्या डिसेंबरांत. त्या वर्षीं येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि मगनवाडींत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालीं चिंध्या व रद्दी कुटून हातकागद होऊं लागला. संघाची ‘ग्रामोद्योग पत्रिका’ हातकागदावरच छापली जाई. तिचे कांहीं अंक आम्हीं हाताळले आहेत. कागद जाडाभरडा, रंग मळकट, कडा वेड्यावांकड्या. अक्षर मात्र स्वच्छ उमटलेलें, आणि पानांस कसर लागलेली नाहीं.