जी, राव आणि बाई : माळव्यातील सामायिक मराठी नावे

जुन्या मराठी नावाचे दोन भाग पडतात. पहिले मूळ नाव आणि दुसरी त्याला मागून लागलेली जोड : जी, राव, पंत, बा, किंवा बाई, आऊ, अक्का. मूळ नाव पुष्कळदा स्त्री-पुरुषांत सामायिक असे आणि नावाचा धनी बाई की बाप्या हे जोड सांगे. काशीबाई ही पहिल्या बाजीरावाची पत्नी, तर काशीराव हा तुकोजी होळकरांचा थोरला मुलगा. डभोईच्या लढाईत १७३१ मध्ये मुलगा पडल्यावर सेनापतिपदाचा कारभार हाती घेणाऱ्या उमाबाई दाभाडे, आणि इंग्रजांनी १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिलेले उमाजी नाईक, या दोघांची मूळ नावे एकच. शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नीचे नाव तुकाबाई होते. तेच मूळ नाव ‘जी’ लावून होळकरांच्या आणि देवासच्या पवारांच्या घरात पुरुषांना ठेवले गेले. तानाजी मालुसरे सर्वांना माहीत असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘दीनबंधु’ पत्राचे संपादन करणाऱ्या तानूबाई बिर्जे फार थोड्यांना.

शीख समाजाने हीच व्यवस्था अधिक काटेकोरपणे चालवली. तिथे हरप्रीत किंवा गुरमीत हे नाव मुलाचे की मुलीचे, हे पुढच्या ‘सिंग’ वा ‘कौर’वरून कळते. मराठीत असा धार्मिक दंडक कधीच नव्हता. जोड वापराने रूढ झाली आणि पुढे वापरातूनच गेली.

मराठे माळव्यात स्थिरावले तेव्हा ही नावे त्यांच्याबरोबर आली. उज्जैन हे राणोजी शिंद्यांचे ठाणे झाले आणि दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरला बस्तान हलवेपर्यंत शिंदेशाहीचे केंद्र राहिले. शहरातला माधवनगर हा भाग, ज्याला लोक फ्रीगंज म्हणतात, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांच्या नावाचा आहे. त्यांच्याच नावाचे माधव कॉलेजही याच शहरात आहे.

सामायिक नावाची सर्वांत ठसठशीत उदाहरणे या परिसरात ‘भीमा’ या नावाची सापडतात. उज्जैन जिल्ह्यात क्षिप्रेकाठी महिदपूर आहे. तिथे २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकर आणि इंग्रज यांची लढाई झाली. यशवंतराव होळकरांची मुलगी भीमाबाई या लढाईत घोडदळाच्या आघाडीवर होती असे सांगितले जाते. पाऊण शतकाने, १४ एप्रिल १८९१ रोजी, माळव्यातल्याच महू छावणीत रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांना चौदावे अपत्य झाले. त्या मुलाचे नाव भीम. आई भीमाबाई, मुलगा भीमराव. घरात त्याला भिवा म्हणत आणि साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखला झाला तेव्हा पटावर नाव चढले ते ‘भिवा रामजी आंबेडकर’. त्या नोंदीत मुलाच्या स्वतःच्या नावाला ना ‘राव’ आहे ना ‘जी’. जोड ही मानाची वस्तू होती आणि ती सर्वांना सारखी मिळत नसे. ज्यांना ‘राव’ नाकारला जाई त्यांची नावे उघडीच राहत. नावांच्या इतिहासात ही गोष्ट झाकून चालणार नाही.

मूळ नावे सामायिक होण्याची कारणे अनेक आहेत. मुलाचे नाव देवीवरून ठेवण्यात मराठी घरांना कधी संकोच वाटला नाही. उज्जैनच्या शिंद्यांचा नामांकित सरदार अंबाजी इंगळे हे त्याचे जवळचे उदाहरण. नद्यांचेही तसेच. वाईला कृष्णाबाईचा उत्सव होतो, म्हणजे नदी ही बाई. आणि शिवाजी महाराजांची बखर लिहिणारा सभासद कृष्णाजी अनंत, कवी केशवसुत कृष्णाजी केशव दामले. इथे एक नाव कृष्णा नदीचे आणि दुसरे कृष्ण देवाचे. पण मराठीत सलगीने हाक मारताना पुरुषाच्या नावालाही आकार लागतो. शिव होतो शिवा, राम होतो रामा, कृष्ण होतो कृष्णा. संस्कृतातून आलेल्या रमा, उमा, गंगा या स्त्रीनावांचा शेवटही आकारच. दोन वेगळ्या वाटांनी आलेली नावे अशी एका रूपात येऊन मिळाली आणि मग त्यांना वेगळे करायला जोड लागली.

आणखी एक वाट दुःखाची होती. आधीची मुले दगावलेली असली की पुढच्याला धोंडू, दगडू, केरू, भिकू असे हलके नाव ठेवत. जीव नकोसा भासवला की मृत्यू त्याच्याकडे वळणार नाही, ही त्यामागची समजूत. कधी मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालत आणि त्याला नथू म्हणत, म्हणजे मुलगा मुलीच्या आडोशाला लपवला जाई. या नावांत मुलगा-मुलगी भेद करायची गरजच नव्हती. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) यांची नावे एकाच खाणीतली आहेत.

शिंद्यांच्या घरात मात्र जोडही सामायिक झाली. ‘राजे’ हे शिवाजीराजे, संभाजीराजे असे पुरुषाला लागते आणि ग्वाल्हेरच्या राजघराण्यात ते स्त्रियांनाही लागले. माधवरावांची आई सख्याराजे, मुलगी कमलाराजे, सून विजयाराजे. पुढे वसुंधराराजे आणि यशोधराराजे यांच्यामुळे ही जोड देशभर परिचित झाली. अशा वेळी जोड काही सांगत नाही, मूळ नावावरूनच ओळखायचे. त्यातही ‘सख्या’ ही लावणीत पुरुषाला मारलेली हाक आहे, आणि शिवपुरीला माधवरावांनी जिच्या स्मरणार्थ छत्री बांधली ती सख्या म्हणजे त्यांची आई.

पती-पत्नींचे मूळ नाव एक होण्याचा प्रसंग क्वचितच येई, कारण लग्नात नवरीचे नाव बदलत. सासू किंवा जाऊ त्याच नावाची असली तर बदल हमखास होई. नवऱ्याचे आणि सासऱ्याचे नाव बाईने उच्चारायचे नाही हा रिवाज असल्याने तिच्या स्वतःच्या नावात ते असणे अडचणीचेच होते. म्हणून एकच नाव देण्याऐवजी जुळणारे नाव देत. माधव म्हणजे लक्ष्मीपती, तेव्हा माधवाची पत्नी रमा. थोरले माधवराव पेशवे आणि थेऊरला १७७२ मध्ये सती गेलेल्या रमाबाई ही जोडी प्रसिद्ध आहे. महादेव गोविंद रानडे यांना माधवराव म्हणत. १८७३ मध्ये त्यांच्याशी लग्न झालेली यमुना कुर्लेकर रमाबाई झाली. कधी नाव बदलताना ते सामायिक मूळ नावाकडेही वळे. देवासच्या घाटगे घराण्यातली गजराबाई १८८५ मध्ये सयाजीराव गायकवाडांशी लग्न होऊन महाराणी चिमणाबाई झाली आणि १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली अध्यक्ष झाली. चिमणाजी अप्पांचे आणि तिचे मूळ नाव एक. यात मुलीचे माहेरचे नाव पुसले जाई, ही या रिवाजाची बोचरी बाजू आहे.

विसाव्या शतकात जोड गळत गेली. शाळेचा पट, नोकरीचा अर्ज, रेशनकार्ड यांवर सुटे नाव आणि आडनाव आले. शिकलेल्या घरांत ‘बाई’ जुनाट वाटू लागले. गाण्याच्या दुनियेत हिराबाई आणि केसरबाई यांच्यानंतरच्या पिढीत किशोरी आमोणकर आल्या. ‘ताई’ हाकेपुरती उरली. त्याच सुमारास नव्या वळणाची नावे आली : किरण, शिरीष, सुहास, शशी, स्नेहल. त्यांना जोड लावण्याची रीत नव्हती आणि ती मुलांनाही ठेवली गेली, मुलींनाही. आचार्य अत्र्यांच्या कन्या कवयित्री शिरीष पै आणि सिने-क्रीडा लेखक शिरीष कणेकर, अभिनेत्री सुहास जोशी आणि ‘दुनियादारी’चे लेखक सुहास शिरवळकर, ‘मर्मभेद’कार शशी भागवत आणि इंग्रजी कादंबरीकार शशी देशपांडे. संगीतकार स्नेहल भाटकरांचे खरे नाव वासुदेव. मुलगी स्नेहलता हिच्या नावावरून त्यांनी ‘स्नेहल’ घेतले. बापाचे नाव मुलांपुढे लागते, इथे मुलीचे नाव बापाला लागले.

मधले नावही मदतीला येत नाही. श्योपूरला जन्मलेले, उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांच्या नावात ‘माधव’ हे वडिलांचे नाव आहे. त्यांच्या जागी बहीण असती तरी मधे ‘माधव’च आला असता. तेव्हा कागदावर श्री., कु. आणि सौ. यांनी जुन्या ‘जी’ आणि ‘बाई’चे काम उचलले, फक्त शेपटाकडून तोंडाकडे सरकून.

माळव्यातल्या मराठी घरांपुढे याहून वेगळा पेच आला. कमल, विमल, मंगल, सुमन, कुसुम ही मराठीत प्रामुख्याने बायकांची नावे. यांतली पहिली तीन भोवतालच्या हिंदीत सर्रास पुरुषांची. मराठी वाचकाला कमल म्हटले की लेखिका कमल देसाई आठवतात. मध्य प्रदेशात कमल पटेल हे कृषिमंत्री होते. सुमन म्हटले की मराठी कानाला सुमन कल्याणपूर ऐकू येतात; उज्जैनकरांना मात्र प्रथम डॉ. शिवमंगल सिंह ‘सुमन’ (१९१५–२००२) आठवतील. हे हिंदी कवी माधव कॉलेजचे प्राचार्य होते आणि पुढे विक्रम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या एकाच नावात मराठीतली दोन स्त्रीनावे, मंगल आणि सुमन, बसली आहेत. सीमेवर राहणाऱ्या भाषांत नावाचे लिंग गावाप्रमाणे बदलते. बंगालीत मृणाल सेन पुरुष आणि मराठीत मृणाल गोरे स्त्री, हाही त्याच जातीचा फरक.

बोलताना मात्र गोंधळ टिकत नाही. मराठी क्रियापद पहिल्याच वाक्यात उलगडा करते. शिरीष पै २०१७ मध्ये गेल्या आणि शिरीष कणेकर २०२३ मध्ये गेले, एवढ्या वाक्यात नावाने न सांगितलेले सारे कळते. ‘जी’ आणि ‘बाई’ सोडूनही मराठीचे फारसे अडले नाही ते या व्याकरणामुळे. इंग्रजी अर्जावर ही सोय नसते, म्हणून तिथे किरणला आणि शीतलला पत्र चुकीच्या संबोधनाने येते.

हा प्रश्न परदेशात न्यायालयापर्यंत गेला, आणि तोही ‘किरण’वरून. जर्मनीत भारतीय नाते असलेल्या एका दांपत्याने मुलीचे नाव किरण ठेवले. या नावावरून मुलगा की मुलगी कळत नाही, तेव्हा सोबत दुसरे नाव जोडा, असे नोंदणी कार्यालयाने बजावले. ५ डिसेंबर २००८ रोजी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ही अट फेटाळली आणि ‘किरण’ एकटे ठेवण्यास मुभा दिली. भारतात १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाने अशी अट घातलेलीच नाही. जन्मनोंदीत बाळाच्या लिंगाचा रकाना वेगळा असतो, आणि नाव नंतरही भरता येते.