रात्रीचा हिशेब दिवसाच मांडू या



भांडी घासून झाली, दूध झाकून ठेवलं, दाराला कडी घातली, दिवा मालवला. अंग कामानं मोडून आलेलं असतं. पाठ टेकली की झोप लागायला हवी. पण पाठ टेकते आणि डोकं उठून बसतं. बचत गटाचा हप्ता परवा आहे. पोरीच्या वह्या आणायच्या राहिल्या. नणंद दुपारी तसं का बोलली? सकाळी पाण्याचा टँकर येणार की नाही? एकातून दुसरं निघतं, दुसऱ्यातून तिसरं.

कार्यक्रमासाठी आम्ही जमलो की हा विषय निघतोच. प्रत्येकीला वाटत असतं, हे फक्त माझंच आहे. म्हणून आम्ही ठरवलं की जरा मागं जाऊन पाहू. रात्री धावणाऱ्या मनाला शांत करायला आपल्या आधीच्या माणसांनी काय काय केलं?

गोष्ट थेट महाभारतापर्यंत जाते. उद्योगपर्वात ‘प्रजागर’ नावाचा भाग आहे. प्रजागर म्हणजे जागरण. पांडवांना भेटून संजय परत आला, धृतराष्ट्राला चार शब्द सुनावले आणि म्हणाला, युधिष्ठिराचा निरोप उद्या सभेत सांगेन. एवढं बोलून तो घरी गेला. झालं! उद्या काय ऐकावं लागणार, या काळजीनं राजाची झोप उडाली. त्यानं विदुराला बोलावलं आणि सांगितलं, माझ्या अंगाची आग होते आहे, झोप येत नाही. विदुर म्हणाला, बलवानानं ज्याला घेरलं आहे असा दुबळा, ज्याचं सगळं गेलं आहे तो, कामातुर आणि चोर, यांना झोप येत नाही. आणि मग हळूच विचारलं, महाराज, यातलं काही तुम्हाला तर लागलं नाही ना? त्या रात्री विदुर जे बोलला, तीच आपली विदुरनीती.

यात आम्हाला दोन गोष्टी दिसल्या. एक, राजाला मन मोकळं करायला कुणीतरी लागलं. दुसरी, नुसतं बोलून भागलं नाही. पांडवांचं राज्य परत द्यायचं, हे त्याच्या हातात होतं. शेवटी तो स्वतःच कबूल करतो की माझं मन पांडवांकडे वळतं, पण दुर्योधन समोर आला की पुन्हा फिरतं. निर्णय झाला नाही, म्हणून शांतीही मिळाली नाही.

आता वैद्यांकडे वळू. चरकसंहितेनं आहार आणि झोप यांना शरीराच्या तीन आधारांमध्ये धरलं आहे. झोप न येण्याची कारणं सांगताना तिथं एक कारण दिलं आहे ‘कार्य’, म्हणजे काम. त्यानंतर काळ, आजार, माणसाची प्रकृती आणि वात येतात. उपायांमध्ये अंगाला तेल चोळणं, आंघोळ, दहीभात, दूध, अंग चेपून घेणं, मनाला आवडणारे वास आणि आवाज सांगितले आहेत. आणि त्याच यादीत ‘मनःसुख’ही आहे. आमच्यातली एक जण हे ऐकून हसली. म्हणाली, सगळ्यांचं अंग चेपते मीच, माझं कोण चेपणार? हसण्यावारी नेलं, पण प्रश्न खराच आहे. घरातली बाई सगळ्यात शेवटी आडवी होते. मग दिवसभर बाजूला ठेवलेल्या काळज्या तिला अंथरुणावरच गाठतात.

आपल्या पणज्यांना मात्र या काळज्यांसाठी एक जागा होती. ती होती जातं. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसायच्या, खुंटा धरायच्या आणि ओवी सुरू व्हायची. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट, गेलेलं लेकरू, जे कुणाला सांगता येत नव्हतं ते जात्याला सांगितलं जायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या सोबतीनं अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढं बोलायचं होतं बायकांना!

तुम्ही म्हणाल, दळण पहाटेचं आणि झोप रात्रीची, यांचा संबंध काय? संबंध असा की मनातलं बाहेर काढायला रोजची एक ठरलेली वेळ होती आणि ठरलेली जागा होती. मग पिठाची गिरणी आली. ते कष्ट परत यावेत असं आम्ही मुळीच म्हणत नाही. जात्यानं हाताला घट्टे पडायचे, झोपही अर्धी व्हायची. पण जात्याबरोबर बोलायची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी काही आली नाही.

ओवी मागं पडली त्याच शतकात गोळी आली. १९०३ च्या सुमारास जर्मनीत व्हेरोनल नावाचं झोपेचं औषध निघालं. त्या जातीच्या औषधांचा डोस थोडा जास्त झाला तरी जीव जायचा. पुढं १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम आलं. पाश्चात्त्य देशांत या गोळ्या पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त दिल्या गेल्या. घरात बाई अस्वस्थ आहे? द्या गोळी. ती अस्वस्थ का आहे, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. या गोळ्यांची सवय लागते, हे नंतर नीट कळलं. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिली तर गोष्ट वेगळी. पण शेजारणीच्या डबीतली गोळी घेऊ नका. आणि रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

गोळीशिवायची वाट शोधणारेही होतेच. हठयोगप्रदीपिकेत शवासन सांगितलं आहे. त्यानं थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते, असं तो ग्रंथ म्हणतो. आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं आणि योगाचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. तिकडं अमेरिकेत एडमंड जेकबसन नावाच्या डॉक्टरनं १९२९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याची रीत अशी की एकेक स्नायू आधी आवळायचा आणि मग सैल सोडायचा. आपण मनात बोलतो तेव्हा जिभेचे स्नायूही अगदी बारीक हलतात, हे त्यानं मोजून पाहिलं. म्हणून हातपाय सैल सोडल्यावर जीभ आणि डोळेही सैल सोडायला तो शिकवायचा.

१९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी आणखी एक साधा नियम दिला. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून दुसऱ्या खोलीत जा, डोळे जड झाले की परत या. म्हणजे अंथरूण आणि काळजी यांची गाठ सुटते. आपल्याकडं कितीतरी घरांत दुसरी खोली नसते. पण अंथरूण सोडून चुलीपाशी नाहीतर उंबऱ्यावर बसता येतं. मोबाइल मात्र हातात घेऊ नका.

आणि आता ऐका, १९८३ मध्ये काय झालं. थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतत काळजी करणाऱ्यांना सांगितलं, काळजी करू नका असं आम्ही म्हणत नाही. रोज एकाच वेळी, एकाच जागी बसून अर्धा तास काळजी करा. बाकीच्या वेळी ती आली की तिला सांगा, तुझी वेळ अजून व्हायची आहे. त्यानं लोकांच्या काळज्या कमी झाल्या. हे वाचलं आणि आम्हाला जातंच आठवलं.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुण-तरुणींवर एक प्रयोग झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं काहींनी झालेली कामं लिहिली, काहींनी पुढं करायची कामं लिहिली. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. जितकी यादी नेमकी, तितकी झोप लवकर. काम कागदावर उतरलं की मनाला ते धरून बसावं लागत नाही.

तर मैत्रिणींनो, उद्यापासून एवढं करून पाहू या. संध्याकाळी स्वयंपाकाआधी पंधरा मिनिटं आपली. जागा ठरवा, ओटा, पायरी, काहीही. मनातलं लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगून लिहून घ्या, नाहीतर मैत्रिणीला सांगा. आणि धृतराष्ट्राची चूक करू नका. प्रत्येक काळजीपुढं उद्याचं एक पाऊल ठरवा. ‘हप्त्याचं काय होणार’ असं नको, ‘सकाळी दहाला गटाच्या अध्यक्षबाईंना भेटणार’ असं लिहा. रात्री पुन्हा विचार आला तर म्हणा, वहीत आहेस तू. मग पायापासून जिभेपर्यंत अंग सैल सोडा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. विदुरानं म्हटलेला, बलवानानं घेरलेला दुबळा, आपल्यातही आहे. जिला घरातच मार खावा लागतो, तिची झोप वहीनं येणार नाही. तिचं जागं राहणं हा तिच्या मनाचा दोष नाही. तिनं १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा. आणि आठवड्यांमागून आठवडे झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत.

झोप म्हणजे सगळी कामं उरकल्यावर मिळणारं बक्षीस नाही. अन्नासारखाच तो शरीराचा आधार आहे. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं आपण खातो. झोपेचं तरी तसं करू नका.

पुढच्या बुधवारी भेटू. तोवर वही उशाशी नको, ओट्यावरच ठेवा.