यंत्राच्या अंगांतील ताप

वसईच्या खाडीवरून येणारा दमट वारा विरारपासून थेट कुलाब्यापर्यंत सारखाच अंगाला चिकटतो. वैशाखांत माणूस पंख्याखालीं बसून घाम पुसतो; परंतु त्याच खोलींत चालू असलेल्या संगणकाला घामहि येत नाहीं आणि तक्रारहि करतां येत नाहीं. त्याचा ताप बाहेरून कळावा अशी सोय कशी झाली, ही हकीगत मोठी मनोरंजक आहे.

या किनाऱ्यावर तिचा आरंभ मुंबईंत सांपडतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेला संगणक १९६० सालीं काम करूं लागला, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें 'टिफ्रॅक' असें नामकरण केलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. रेडिओचा जुना संच ज्यांनीं उघडून पाहिला असेल, त्यांना अशी एक नळीहि किती तापते हें ठाऊक असतें. येथें त्या हजारोंनीं एका जागीं होत्या. पोटांतील तार तापल्यावांचून नळी कामच करीत नसे. म्हणजे उष्णता हा त्या यंत्राचा दोष नसून धर्मच होता.

नळ्या गेल्या, सिलिकॉनच्या चिपा आल्या, आणि ताप संपला असें वाटलें. तसें झालें नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत नखाएवढ्या तुकड्यावर लक्षावधि ट्रान्झिस्टर बसले व उष्णता एका बिंदूंत कोंडली. तेव्हां अमेरिकेंतील नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीनें एलएम ७५, एलएम ७८ अशा चिपा काढल्या. त्यांचें तत्त्व साधें आहे : सिलिकॉनच्या जोडावरील विद्युद्दाब दर अंशामागें सुमारें दोन मिलिव्होल्टांनीं उतरतो. हा उतार मोजला कीं तापमान कळलें.

पण तें वाचावयाचें कोणीं? हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ सालीं लिनक्स जगाला दिलें होतें. १९९८ च्या सुमारास फ्रोडो लोइयार्ड, फिलिप एडेलब्रॉक प्रभृतींनीं त्याच्यासाठीं 'एलएम सेन्सर्स' हा कार्यक्रम रचला. त्यांतील 'एलएम' ही अक्षरें त्या चिपांचींच.

येथें एक अनर्थहि झाला. कार्यक्रम आंतील वाहिनीवर प्रत्येक पत्त्याला हांक मारी आणि कोण उत्तर देतें तें पाही. आयबीएमच्या कांहीं थिंकपॅड यंत्रांत एक स्मृति-चिप अशी होती कीं, नुसत्या विचारणेनेंच तिच्यांतील मजकूर बिघडे. यंत्र पुन्हां सुरूच होईना! ताप पाहावयास गेलेल्या वैद्यानेंच रोगी मारावा, तसें झालें. रचनाकारांनीं ही गोष्ट लपविली नाहीं. उघड सूचना छापली, आणि आयबीएमचें यंत्र दिसतांच तो भाग चालूच होऊं नये अशी तजवीज केली. अशी कबुली विक्रीच्या मालाबरोबर क्वचितच मिळते.

डिसेंबर २००३ मध्यें आलेल्या लिनक्सच्या २.६ आवृत्तींत हे संवेदक-चालक मूळ गाभ्यांतच सामावले होते. २००७ सालीं जगांत चौथा ठरलेला पुण्याचा 'एका' महासंगणकहि लिनक्सवरच चाले.

आज वसईंतील एखाद्या घरीं हेंच करावयाचें तर प्रथम 'सेन्सर्स-डिटेक्ट' चालवावें. तो प्रश्न विचारतो. जें उत्तर तो स्वतः सुचवितो तेंच बहुधा निर्धोक असतें. मग 'सेन्सर्स' म्हटलें कीं आंकडे दिसतात. मूळ नोंद मात्र अंशाच्या सहस्रांशांत असते : ४५००० म्हणजे ४५ अंश. कांहीं प्रोसेसर तर तापमान सांगत नाहींत, मर्यादेपासूनचें अंतर सांगतात. वजाबाकी लिनक्स करतें. आणि एखाद्या ओळींत उणें १२८ अंश दिसले तर घाबरूं नये. वसईंत तितकी थंडी पडत नाहीं. मदरबोर्डावरील त्या तारेला संवेदकच जोडलेला नसतो.