विद्युन्मंडलाचा आराखडा आणि हौशी कारागीर

वर्ध्याहून यवतमाळच्या वाटेवर सुमारें १८ किलोमीटर गेलें म्हणजे देवळी लागते. ही कापसाची जुनी पेठ. चरख्याचा विचार ज्या मुलुखांत राष्ट्रीय प्रश्न म्हणून झाला, त्याच मुलुखांतलें हें गांव. १९२९ सालीं अखिल भारत चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. त्याच्या अटी मननीय होत्या. यंत्राची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, तें २० वर्षें टिकावें आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किंमतीच्या शेंकडा ५ हून अधिक नसावा. बक्षीस कोणासच मिळालें नाहीं. परंतु यंत्र बिघडल्यावरच त्याची खरी पारख होते, हें सत्य त्या अटींनीं लोकांपुढें ठेवलें.

१९३६ सालीं गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगांवीं, म्हणजे पुढील सेवाग्रामीं, राहावयास गेले. त्याच सालीं पॉल आइसलर हा व्हिएन्नाचा तरुण ज्यू अभियंता स्वदेशांतील ज्यूद्वेषामुळें लंडनला आला. रेडिओच्या पोटांतील तारांचें जंजाळ काढून टाकून त्यानें फळीवरच तांब्याच्या रेषा उमटविल्या. छापील विद्युन्मंडलाचा, म्हणजे आजच्या सर्किट बोर्डाचा, हा आरंभ. १९४३ सालीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला. आणि लक्ष्याजवळ येतांच आपोआप फुटणाऱ्या अमेरिकन तोफगोळ्यांत या युक्तीचा उपयोग झाला.

या रेषांची आखणी पुष्कळ वर्षें हातानेंच होई. पारदर्शक पत्र्यावर काळी फीत चिकटवून मोठा आराखडा करावयाचा आणि मग छायाचित्रानें तो लहान करावयाचा. जोसेफ गर्बर या व्हिएन्नाच्याच दुसऱ्या निर्वासितानें प्रकाशकिरणानें आराखडा काढणारें यंत्र बनविलें. त्याच्या नांवाची लेखनपद्धति आजही कारखान्यांना आराखडे पाठविण्यास वापरतात. पुढें घरगुती संगणक आले. १९८८ सालीं जर्मनींत ‘ईगल’ ही आज्ञावली निघाली. तिची विनामूल्य आवृत्ति १०० बाय ८० मिलिमीटर एवढ्याच फळीपुरती होती. १९९२ सालीं फ्रान्समध्यें ग्रेनोबल येथील झां-पिएर शारास या अध्यापकानें ‘कायकॅड’ ही आज्ञावली रचण्यास आरंभ केला. तिची अंतर्रचना सर्वांस खुली असून ती कोणींही तपासावी आणि सुधारावी अशी तिची योजना आहे. जिनिव्हाच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेनेंही पुढें तिच्या वाढीस हातभार लावला.

हौशी माणसाची अडचण मात्र आज्ञावली हातीं आल्यावरच सुरू होते. कागदावर एकमेकींवरून गेलेल्या दोन तारा जोडलेल्या आहेत असें त्यास वाटतें. परंतु जोडाचा ठिपका नसल्यास संगणक त्या वेगळ्याच मानतो. बॅटरी बाहेरून जोडावयाची असल्यामुळें ‘वीजपुरवठा कोठून येतो तें कळत नाहीं’ अशी तक्रार पडद्यावर येते. मंडल निर्दोष असतें; त्या तारेवर पुरवठ्याचें निशाण लावलें कीं तक्रार मिटते. कांहीं चुका याहून कपटी असतात. बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरचे पाय सपाट बाजूनें पाहिल्यास कलेक्टर, बेस, एमिटर या क्रमानें असतात, तर पीएन २२२२ चे त्याच्या उलट. चिन्ह एकाचें आणि भाग दुसरा असा घोटाळा झाला, तर संगणक एकही दोष दाखवीत नाहीं, पण फळी चालत नाहीं. आराखडा आरशांतल्याप्रमाणें उलटा छापला गेला, तर तांबें उत्तम कोरलें जाऊनही चिपचे पाय जागेवर बसत नाहींत. संगणकाची तपासणी नियम पाहते; कर्त्याच्या मनांतला हेतु तिला दिसत नाहीं. म्हणून फळी कोरण्यापूर्वीं आराखडा मूळ आकारांत कागदावर छापून त्यावर प्रत्यक्ष भाग ठेवून पाहावे, ही जुनी रीत आजही श्रेयस्कर होय.

दोष कधीं आज्ञावलीचाही असतो. कायकॅडचा नकाशा दुसऱ्या संगणकावर नेला असतां चिन्हांच्या जागीं प्रश्नचिन्हें दिसत, हा अनेकांचा अनुभव होता. २०२१ च्या अखेरीस निघालेल्या ६ व्या आवृत्तींत चिन्हें नकाशाच्या फायलींतच साठविण्याची सोय झाली. उलटपक्षीं, ईगलची मालकी २०१६ सालीं दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि २०२६ मध्यें ती बंद करण्याचें २०२३ सालीं जाहीर झालें. एकाच मालकाच्या कुलपांतील साधनाचें आयुष्य त्या मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहतें.

महाराष्ट्रांत या प्रश्नाचा विचार मुंबईच्या आयआयटीनें केला. तेथील ‘फॉसी’ प्रकल्पानें कायकॅड आणि एनजीस्पाइस हीं खुलीं साधनें एकत्र गुंफून ‘ईसिम’ ही आज्ञावली सिद्ध केली. ‘ऑस्कॅड’ हें तिचें पूर्वीचें नांव. फळी करण्यापूर्वींच मंडल कसें वागेल तें तिच्यांत गणितानें पाहतां येतें. त्याच संस्थेचा ‘स्पोकन ट्युटोरिअल’ हा उपक्रम संगणकाचे धडे मराठींतूनही ऐकवितो.

याचें महत्त्व शहरापेक्षां देवळीसारख्या गांवीं अधिक आहे. मुंबईच्या हौशी माणसास शेजारीं जाणता भेटतो. देवळीच्या विद्यार्थ्यास पंपासाठीं लहानसें नियंत्रक मंडल करतांना आपला दोष आपणच शोधावा लागतो. साधन खुलें असेल आणि त्याचे धडे स्वभाषेंत असतील, तर तो परावलंबी राहणार नाहीं. आपलें यंत्र गांवच्या माणसास दुरुस्त करतां आलें पाहिजे, ही १९२९ ची अपेक्षा चरख्याबरोबर जुनी झालेली नाहीं.