मसुदा पाहिलेली माणसं

टेक्निकल रायटिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांना हल्ली चहूबाजूंनी एकच सल्ला मिळतो: ओळखी वाढवा. लिंक्डइनवर रोज काहीतरी टाका, दिसेल त्या सीनियर रायटरला रिक्वेस्ट पाठवा, मीटअपला जाऊन नंबर घ्या. पुण्यात किंवा बंगळूरला युजर गाइड आणि एपीआय डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्या बहुतेकांनी हा सल्ला ऐकलेला असतो आणि पुढे दिलेलाही असतो. मला तो चुकीचा वाटतो. नोकरी गेलेला माणूस महिनोन् महिने अनोळखी लोकांना निरोप पाठवत बसतो आणि हाती काही लागत नाही, हे पाहवत नाही.

पूर्वपक्ष मात्र पोकळ नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ सालचा प्रसिद्ध लेख त्याच्या पाठीशी आहे. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. लांबचे ओळखीचे लोक वेगळ्या वर्तुळात वावरतात, म्हणून रिकाम्या जागेची बातमी त्यांच्याकडून येते, असा तो युक्तिवाद. २०२२ साली ‘सायन्स’मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरच्या प्रयोगांचा अभ्यास आला. जिथे कामाचं स्वरूप अधिक डिजिटल, तिथे लांबच्या ओळखी जास्त उपयोगी पडतात, असं त्यात दिसलं. आपला व्यवसाय त्याच गटातला. मग आक्षेप कशाला?

आक्षेप आहे तो अर्धवट वाचनाला. ग्रॅनोव्हेटर यांच्या लेखातली लांबची ओळख म्हणजे कॉलेजातला जुना मित्र, पूर्वीचा सहकारी किंवा पूर्वीचा मालक. भेट क्वचित होते, पण या माणसाने कधीकाळी आपल्याला जवळून पाहिलेलं असतं. २०२२ च्या अभ्यासातही फायदा सर्वाधिक दिसतो तो मध्यम क्षीण ओळखींत. त्याहून पातळ होत गेल्या की तो घटतो. दोन्हीकडून ‘अनोळखी माणसं गोळा करा’ असा निष्कर्ष निघत नाही.

आणि आपल्या व्यवसायाची अडचण वेगळीच आहे. चित्रकार चित्रं दाखवतो, पत्रकार स्वतःच्या नावाची बातमी दाखवतो. टेक्निकल रायटरचं नाव गाइडवर नसतं. कॉपीराइट कंपनीचा, पानं लॉगिनच्या आड, वर गोपनीयतेचा करार. नमुना म्हणून काही दाखवलंच, तरी त्यातलं कोणतं वाक्य रायटरचं आणि कोणतं एडिटरचं, हे मुलाखत घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही. न्यायदर्शनाचे नैयायिक शब्दाला, म्हणजे दुसऱ्याच्या साक्षीला, प्रमाण मानतात ते बोलणाऱ्याने वस्तू स्वतः जाणलेली असेल तर. आपल्या कामाबद्दल असं बोलू शकतो तो फक्त मसुदा पाहिलेला माणूस.

त्याने काय पाहिलेलं असतं? समजा, एका पानावर लिहिलंय: टाइमआउटची डिफॉल्ट व्हॅल्यू ३०. पीअर रिव्ह्यू करणारा विचारतो, सेकंद की मिलिसेकंद? एक रायटर अंदाजाने ‘सेकंद’ टाकून मोकळा होतो. दुसरी रायटर टेस्ट बिल्ड उघडते, व्हॅल्यू बदलून पाहते, डेव्हलपरला विचारून खात्री करते, आणि हीच त्रुटी आणखी तीन पानांवर आहे हे शोधून तीही दुरुस्त करते. किंवा सातव्या पायरीत ‘सर्व्हर रीस्टार्ट करा’ आणि त्याखाली टीप: ‘रीस्टार्टपूर्वी बॅकअप घ्या’. वाचणारा पायरीबरहुकूम चालला तर टीप वाचेपर्यंत उशीर झालेला असतो. हे लक्षात आणून दिल्यावर रायटर भांडते की टीप मुकाट्याने वर नेते, की सगळं गाइड पुन्हा त्या नजरेने तपासते? पाच वर्षांनी दुसऱ्या कंपनीत जागा निघाली की रिव्ह्यू करणाऱ्याला आठवतं ते हे. आता एआयकडून नीटनेटका मसुदा मिनिटांत मिळतो, त्यामुळे मजकूर पडताळून पाहणारं माणूस कोण, याला उलट जास्त किंमत आली आहे.

‘ज्याला सहकारीच नाहीत त्या नवख्याने काय करायचं?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर ओपन सोर्समध्ये आहे. कुबरनेटीसचं डॉक्युमेंटेशन गिटहबवर सर्वांसाठी खुलं आहे. तिथे केलेली दुरुस्ती, तिच्यावरचे रिव्ह्यूचे शेरे आणि त्यांना दिलेली उत्तरं, सगळं नावासकट राहतं. गूगलने २०१९ साली ‘सीझन ऑफ डॉक्स’ सुरू केलं, तेही टेक्निकल रायटर आणि ओपन सोर्स प्रकल्प यांची गाठ घालण्यासाठीच. डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यांच्या ‘राइट द डॉक्स’ या समुदायाची पहिली परिषद २०१३ साली पोर्टलंडला झाली. या परिषदांत ‘रायटिंग डे’ असतो: लोक एका टेबलाशी बसून कुणाच्या तरी प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन लिहितात. भाषणांनंतरच्या चहापेक्षा ही बैठक मला कितीतरी मोलाची वाटते, कारण तिथून उठताना शेजाऱ्याने तुमचं काम पाहिलेलं असतं.

म्हणून पुण्यातल्या एखाद्या सीनियरला ‘सर, मला रेफर कराल का?’ असं लिहिण्याआधी ‘मॅडम, या पानावरची चौथी पायरी तुमच्या मशीनवर चालते का, पाहाल?’ असं विचारावं, आणि त्यांचंही एखादं पान मागून घेऊन मन लावून वाचावं. पगाराची चौकशी मात्र अनोळखी माणसाकडेही बेलाशक करावी. तिथे साक्षीची गरज नसते, आकडे हवे असतात. ‘राइट द डॉक्स’ने २०१९ साली वेतन-पाहणी सुरू केली ती त्याचसाठी.