बालभाषेच्या रोजनिश्या : सहवासातून घडलेले शास्त्र

भाषाशास्त्राच्या बहुतेक शाखांचा आरंभ ग्रंथालयात, शिलालेखांपुढे अथवा प्रयोगशाळेत झाला. बालभाषेच्या अभ्यासाचा आरंभ मात्र घरात, पाळण्याशेजारी झाला. या शाखेचे पहिले साधन म्हणजे आईने किंवा वडिलांनी ठेवलेली रोजनिशी, आणि ती रोजनिशी भरून येण्यास जे लागते ते म्हणजे मुलाबरोबर घालविलेला वेळ. शास्त्राचा इतिहास लिहिताना हा वेळ सहसा हिशेबात धरला जात नाही. सिद्धान्ताचा काल सांगितला जातो, ग्रंथकर्त्याचे नाव सांगितले जाते. परंतु ज्या संध्याकाळी मुलाने नवा शब्द उच्चारला त्या संध्याकाळी त्याच्याजवळ कोण बसले होते, हे क्वचितच विचारले जाते. काही प्रमुख रोजनिश्यांचा क्रमाने विचार केला असता असे दिसून येते की, सहवास ही या शास्त्राची केवळ पार्श्वभूमी नसून त्याची पद्धतीच होय. सहवासाचे स्वरूप जसजसे पालटत गेले, तसतसे पुराव्याचे स्वरूपही पालटत गेले.

१

अशा रोजनिश्यांपैकी अगदी आरंभीची म्हणून दीत्रिख टीडेमान या जर्मन तत्त्वज्ञाच्या टिपणांचा उल्लेख करावा लागतो. त्याचा मुलगा फ्रीडरिख हा १७८१ साली जन्मला. त्याच्या पहिल्या काही वर्षांतील निरीक्षणे बापाने १७८७ साली प्रसिद्ध केली. हाच मुलगा पुढे शरीरशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आला. तथापि बालभाषेच्या इतिहासात त्याचे स्थान निरीक्षकाचे नसून निरीक्षिताचे आहे.

यानंतरची महत्त्वाची वही चार्ल्स डार्विन याची. त्याचा पहिला मुलगा विल्यम हा २७ डिसेंबर १८३९ रोजी जन्मला आणि पहिल्या आठवड्यापासूनच बापाने त्याच्या हालचाली टिपावयास प्रारंभ केला. ही वही पुढे सदतीस वर्षे वहीच्याच रूपात राहिली. तिच्यातील काही सामग्रीचा उपयोग डार्विनने भावनांच्या आविष्कारावरील १८७२ च्या ग्रंथात केला. परंतु तिच्यावर आधारलेला स्वतंत्र लेख १८७७ च्या जुलैमध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात आला. त्यास निमित्तही दुसऱ्या एका बापाचे झाले. फ्रेंच विचारवंत इपोलीत तेन याने आपल्या मुलीच्या भाषेविषयी १८७६ साली लिहिलेल्या लेखाचे भाषांतर त्याच नियतकालिकात आले होते आणि ते वाचून डार्विनला आपल्या जुन्या वहीची आठवण झाली.

या लेखातील भाषाविषयक नोंद थोडकी पण लक्षणीय आहे. बरोबर एक वर्षाचा झाल्यावर मुलाने खाण्यासाठी ‘मम्’ हा शब्द योजिला. भूक लागली म्हणजे रडण्याऐवजी तो हा शब्द उच्चारी, आणि कित्येकदा त्यास प्रश्नार्थक चढा सूर देई. पुढे साखरेस त्याने ‘शु-मम्’ म्हटले, व काळ्या ज्येष्ठमधास त्यापूर्वी ‘काळा’ या अर्थाचा शब्द जोडून तिसरे नाव बनविले. एका मूळ शब्दापासून विशेषणयुक्त समासापर्यंतचा हा प्रवास जवळ बसलेल्या माणसासच दिसू शकतो. मध्येच येऊन तासभर पाहणाऱ्यास ‘शु-मम्’ ऐकू येईल; परंतु त्यातील ‘मम्’ कोठून आले, हे कळणार नाही.

डार्विन केवळ दूर राहून पाहत नव्हता, हेही त्याच्या नोंदींवरून कळते. मुलगा साडेचार महिन्यांचा असताना बाप त्याच्याजवळ नाना प्रकारचे चमत्कारिक आवाज काढी व मुलगा ते हसण्यावारी नेई. एक दिवस बापाने मोठ्याने घोरल्यासारखा आवाज केला, तेव्हा मात्र ते मूल गंभीर झाले आणि रडू लागले. ही नोंद प्रयोगाची आहे, तशीच ती खेळाचीही आहे; दोहोंमधील सीमारेषा त्या घरात आखलेली नव्हती. वहीत पत्नी एमा हिच्या हातच्याही काही नोंदी आहेत. याच दांपत्याची मुलगी ॲनी ही १८५१ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांची असताना वारली. तिच्या मृत्यूनंतर आठवड्याभरातच डार्विनने तिच्या आठवणींची काही पाने लिहून ठेविली. तिचे चालणे, वागणे, हातांच्या हालचाली त्यांत वर्णिल्या आहेत. निरीक्षणाची जी सवय पाळण्याशेजारी जडली, तीच येथे शोकाच्या उपयोगी पडली.

२

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पद्धतीस काटेकोरपणा आला. येना येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म प्रायर याने आपला मुलगा आक्सेल याचे जन्मापासून सुमारे एक हजार दिवस, दिवसातून निदान तीन वेळा, निरीक्षण केले आणि १८८२ साली बालमनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ठराविक वेळी पाहावे, पाहिलेले लगेच लिहावे आणि ऐकीव गोष्टींवर विसंबू नये, हा दंडक त्याने घालून दिला. तथापि दिवसातून तीन भेटी म्हणजे सहवास नव्हे. त्या भेटींच्या मधल्या तासांत मूल कोणाशी काय बोलत होते, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नास सर्वांत समाधानकारक उत्तर क्लारा व विल्यम स्टेर्न या जर्मन दांपत्याने दिले. हिल्डे (१९००), ग्युंटर (१९०२) व एव्हा (१९०४) या तीन मुलांच्या रोजनिश्या त्यांनी १९०० ते १९१८ पर्यंत चालविल्या. हस्तलिखिताची एकूण पृष्ठे सुमारे पाच हजार भरतात, आणि त्यांतील बहुतांश लेखन क्लाराच्या हातचे आहे. आपण पाहिले जात आहोत असे मुलांना वाटू नये, अशी दक्षता ती घेई. या सामग्रीवर आधारलेला बालभाषेवरील ग्रंथ १९०७ साली दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता नोंदण्याजोगी आहे. क्लारा विद्यापीठात अध्यापक नव्हती. ती दिवसभर मुलांबरोबर होती. या ग्रंथाचा अधिकार नेमका त्यामुळेच आहे. पतीचे शास्त्र आणि पत्नीचा वेळ अशी ही वाटणी केली तर तीही अपुरीच ठरेल. कारण कोणते वाक्य टिपावे व कोणते सोडावे हा निर्णय शास्त्रीयच असतो, आणि तो ती रोज घेत होती.

१९३३ नंतर हे ज्यू कुटुंब जर्मनीबाहेर पडले. विल्यम १९३८ साली अमेरिकेत वारला. रोजनिश्या मात्र टिकल्या. त्या आज जेरुसलेम येथे आहेत. घर मोडले, देश सुटला, आणि एका घरातील अठरा वर्षांचे बोलणे कागदावर उरले.

३

सहवास कोणाचा, यावर भाषा कोणती हे अवलंबून असते, ही गोष्ट द्विभाषिक घरांतील रोजनिश्यांनी सिद्ध केली. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल रोंझा याची पत्नी जर्मनभाषी होती. मॉरीस ग्रामों याच्या सल्ल्यावरून दोघांनी असा नियम केला की, मुलगा लुई याच्याशी प्रत्येकाने आपलीच भाषा बोलावी. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या रोंझाच्या ग्रंथामुळे ‘एक व्यक्ती, एक भाषा’ हे सूत्र प्रचारात आले. येथे भाषेचे क्षेत्र म्हणजे देश नव्हे, जात नव्हे, तर एक माणूस होय.

व्हेर्नर लिओपोल्ड याने अमेरिकेत आपली मुलगी हिल्डेगार्ड हिच्यावर चार खंडांचा ग्रंथ लिहिला (१९३९ ते १९४९). बाप तिच्याशी जर्मन बोले, आई इंग्रजी. भोवतालचे सारे जग इंग्रजी असल्यामुळे जर्मन मागे पडत चालली. परंतु मुलगी पाच वर्षांची असताना कुटुंब काही महिने जर्मनीत राहिले तेव्हा पारडे फिरले व इंग्रजी मागे पडली. एका बापाचा वेळ एका भाषेस जिवंत ठेवू शकतो, पण समाजाचा वेळ त्याहून मोठा असतो, असे या खंडांवरून दिसते. परप्रांतात वा परदेशात राहून घरी मराठी टिकवू पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबास हा अनुभव अपरिचित नाही.

रोमान याकोबसन याने १९४१ साली ध्वनिसंपादनाच्या क्रमाविषयी जो सर्वव्यापी सिद्धान्त मांडला, तो अशाच रोजनिश्यांच्या आधारे. सिद्धान्त एकट्या बुद्धीचा असला तरी त्याखालील पाया अनेक घरांतील संध्याकाळींचा आहे.

४

१९६२ मध्ये हार्वर्ड येथे रॉजर ब्राउन व त्याचे सहकारी यांनी नवी वाट पाडली. ॲडम, ईव्ह व सॅरा या टोपणनावांनी प्रसिद्ध झालेल्या तीन मुलांच्या घरी ठराविक अंतराने जाऊन त्यांनी ध्वनिमुद्रणे केली. त्यांवर आधारलेला ग्रंथ १९७३ साली आला. आता संशोधक पालक राहिला नाही, पाहुणा झाला. लाभ उघड होता. रोजनिशी लिहिणारा मुलाचे नवे, गमतीदार तेवढेच टिपतो. यंत्र सर्वच टिपते. शिवाय मुलाशी मोठी माणसे काय बोलतात, हे रोजनिशीत जवळजवळ येतच नसे. ते ध्वनिफितीवर आले.

याचा परिणाम फार मोठा झाला. मुलाच्या कानी पडणारी भाषा सदोष व खंडित असते, हे मत नोम चॉम्स्की याच्या १९६५ च्या ग्रंथामुळे बळावले होते. कॅथरिन स्नो हिने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, माता लहान मुलांशी बोलतात ती भाषा सोपी, आटोपशीर आणि पुनरुक्तीने युक्त असते. तथापि यावरून असे बोलणे सर्वत्र आवश्यक आहे, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. सामोआतील व पापुआ न्यू गिनीतील कालुली समाजाविषयी एलिनॉर ऑक्स व बाम्बी शिफेलिन यांनी १९८४ साली दाखविले की, तेथे मोठी माणसे आपली भाषा तान्ह्या मुलांसाठी सोपी करीत नाहीत. तरीही मुले भाषा शिकतात. सहवास सर्वत्र असतो. त्याची रीत मात्र समाजागणिक वेगळी.

५

या चर्चेत मराठीचे स्थान आरंभापासूनच आहे. चार्ल्स फर्ग्युसन याने १९६४ साली सहा भाषांतील बाळबोलीचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या सहांत मराठी होती. त्याच वर्षी अशोक रा. केळकर यांचा मराठी बाळबोलीवरील लेख ‘वर्ड’ या नियतकालिकात आला. मूल जे बोलते त्याहून मुलाशी जे बोलले जाते तेही भाषाशास्त्राचा विषय आहे, हे त्यामुळे मराठीच्या संदर्भात स्पष्ट झाले.

मंमं, जोजो, भूर, बाऊ, दुदू, भूभू, हम्मा. चिऊ, काऊ, माऊ: हे शब्द कोणत्याही शाळेत शिकविले जात नाहीत. मूल चार-पाच वर्षांचे झाले की ते हे शब्द टाकते. इतकेच नव्हे, तर ते वापरणाऱ्या धाकट्या भावंडास हसते. पुढे वीस-पंचवीस वर्षे हे शब्द त्याच्या तोंडी येत नाहीत. ते परत येतात स्वतःचे मूल मांडीवर आल्यावर, आणि नंतर नातवंड आल्यावर. भाषेच्या शब्दसंग्रहातील हा एकच असा भाग असेल की, जो बहुतांशी मुलाबरोबर बसण्याच्या वेळापुरताच जिवंत राहतो. डार्विनच्या मुलाचे ‘मम्’ आणि मराठी घरातील ‘मंमं’ यांचे साम्य पाहून मात्र कोणी आनुवंशिक नाते जोडू नये. ओठ मिटून नाकावाटे निघणारा ध्वनी स्तनपानाशी निगडित असतो, ही याकोबसनने १९६० च्या आपल्या लेखात दिलेली उपपत्ती येथे पुरेशी आहे. परंतु ‘मम्’ विल्यमबरोबर संपले आणि ‘मंमं’ पिढ्यान् पिढ्या चालले. एक शब्द मुलाचा होता, दुसरा आजीचा.

बाळबोलीचे व्याकरणही पाहण्याजोगे आहे. नातवंडासमोर आजी स्वतःस ‘मी’ म्हणत नाही. ‘आजी देते हं’ म्हणते. सुनेला ती ‘आई’ म्हणते: ‘आई कुठं गेली बघू’. स्वतःच्या मुलास एरवी ती एकेरीत हाक मारते. पण नातवाला घेऊन दारात उभी असताना ‘बाबा आले, बाबा आले’ असे आदरार्थी बहुवचन योजते. ‘मी’ व ‘तू’ ही सर्वनामे बोलणाऱ्यागणिक फिरतात. ‘आजी’ व ‘बाबा’ ही नावे मुलाच्या दृष्टीने स्थिर राहतात. म्हणून आजी आपले स्थान सोडून मुलाच्या स्थानावरून नाती मोजते. घरातील वडीलधारी व्यक्ती वाक्यापुरती घरातील सर्वांत धाकटी होते. या रचनेस सोपेपणा म्हणून भागणार नाही. ती नात्यांच्या व्यवस्थेची पहिली शिकवण आहे, आणि ती देणाऱ्यास ती देत असल्याची जाणीवही नसते.

येथेच रोजनिशी आणि यंत्र यांच्या मर्यादा उघड होतात. यंत्र ‘बाबा आले’ हे शब्द नोंदविते. ते म्हणणारी त्या बाबांची आई आहे, हे बाहेरून सांगावे लागते. रोजनिशी लिहिणारास ते माहीत असते, म्हणूनच ते लिहावेसे वाटत नाही. आज ब्रायन मॅक्व्हिनी व स्नो यांनी १९८४ मध्ये आरंभिलेल्या सामायिक संग्रहामुळे अनेक भाषांतील मुलांचे संभाषण कोणासही अभ्यासता येते. ध्वनिमुद्रण खिशातल्या खिशात होऊ लागले आहे. म्हणून आज तुटवडा आहे तो सामग्रीचा नव्हे, तर ती समजण्याइतक्या सहवासाचा.

मराठी बालभाषेवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने यावरून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही की, प्रत्येक उच्चाराबरोबर त्या वेळी मुलाजवळ कोण होते, त्याचे मुलाशी नाते काय आणि ते किती वेळ होते, याची नोंद करावी. आई, आजी, आजोबा, सांभाळणारी बाई यांना ‘परिस्थिती’ या सदराखाली गुंडाळू नये. दुसरी ही की, आठवड्यातून तासभर यंत्र ठेवून परतण्यापेक्षा त्या घरातील ओळखीचा माणूस होण्याची तयारी ठेवावी. डार्विनची वही सदतीस वर्षांनी उपयोगी पडली. ती लिहिली जात असताना तिचे शास्त्र अजून अस्तित्वातही आले नव्हते. होता तो एक बाप, एक मूल आणि त्या दोघांना मिळालेला वेळ.