रेषा कुठून आली? विल्यम स्मिथचे रंग आणि संगणकावरचा भूशास्त्रीय नकाशा

आजचा विषय वाचून काहींच्या मनात नक्की आलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी दगडांच्या नकाशात कशाला डोकं घालायचं? कारण साधं आहे. भूशास्त्रीय नकाशा हे जमिनीचं चित्र नसतं, ते एक अनुमान असतं. न्यायशास्त्रातला डोंगरावरचा धूर आपल्याला माहीत आहे. धूर दिसतो, अग्नी दिसत नाही, त्याचं अनुमान करावं लागतं. खडकांचंही तसंच. ओढ्याच्या काठी, रस्त्याच्या कापात, विहिरीच्या भिंतीत खडक उघडा दिसतो. बाकी सगळीकडे माती, शेतं, घरं. तरीही नकाशा मात्र इंचन् इंच रंगवलेला असतो. मग न पाहिलेल्या जागी तो रंग आला कुठून? आज आपण याच प्रश्नाचा इतिहास पाहू.

विल्यम स्मिथपासून सुरुवात करू. जन्म १७६९, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमधलं चर्चिल हे गाव, वडील लोहार. विद्यापीठाचं शिक्षण नाही. धंद्यानं जमीन मोजणारा. सॉमरसेटमध्ये कोळशाच्या खाणी आणि कालव्याचं काम करताना त्याच्या ध्यानात आलं, की खडकांचे थर ठरावीक क्रमानं येतात आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन थरांतले जीवाश्म वेगळे असतात. म्हणजे जीवाश्म ही थराची ओळख झाली. या एका सूत्रावर त्यानं वर्षानुवर्षं देश पालथा घातला आणि १८१५ साली इंग्लंड-वेल्सचा नकाशा काढला. पंधरा तुकड्यांचा, जोडला की सुमारे साडेआठ फूट उंच. एका इंचाला पाच मैल.

या नकाशाच्या रंगकामाकडे नीट बघा. प्रत्येक थराचा रंग तळाच्या कडेला गडद आणि वर जाताना फिका होत गेलेला. कोणता थर कोणावर बसलाय हे नजरेला कळावं, म्हणून प्रत्येक प्रत अशी हातानं रंगवली जाई. नकाशा नुसता ‘इथे चुनखडी’ असं सांगत नव्हता. थरांचा क्रम, म्हणजे अनुमानाचा पायाच, तो रंगातून दाखवत होता.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे पहिले अध्यक्ष जॉर्ज ग्रीनो यांचा नकाशा १८२० साली बाजारात आला. त्यात स्मिथच्या कामाचा आधार होता, पण तसा उल्लेख नव्हता. त्याच्या आदल्याच वर्षी, १८१९ मध्ये, कर्जापायी स्मिथला तुरुंगात जावं लागलं होतं. सोसायटीनं त्याचा गौरव केला तो १८३१ मध्ये. ही केवळ अन्यायाची कथा नाही. तयार रेषेवरून ती कोणी, कशाच्या आधारावर काढली हे कळत नाही, हा नकाशाशास्त्राचा मुळातला दुबळेपणा आहे. पुढे यावर संकेत रूढ झाला: प्रत्यक्ष पाहिलेली सीमा सलग रेषेनं, अनुमानानं काढलेली तुटक रेषेनं, मातीखाली झाकलेली ठिपक्यांनी. प्रत्यक्ष आणि अनुमान यांतला भेद त्या पेन्सिलीत उतरला, असं म्हणा ना!

आता संगणकाकडे येऊ. १९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकारानं पहिली भौगोलिक माहिती प्रणाली उभी राहिली. २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी क्यूजीआयएस सुरू केलं, आणि आज ते कोणालाही फुकट मिळतं. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारनं मोजलेल्या जमिनीच्या उंचीही खुल्या आहेत. म्हणजे स्मिथला जे पायी जमवावं लागलं, त्यातलं बरंच आज घरबसल्या पडद्यावर येतं.

पण शिकणारे बहुधा शेवटापासून सुरुवात करतात. आधी पॉलिगॉन काढायचा आणि त्यात छानसा रंग भरायचा. खरा क्रम उलटा आहे. पहिला लेयर बिंदूंचा: आपण कुठे उभे होतो, कोणता खडक पाहिला, थर कोणत्या दिशेला किती अंश कललाय. दुसरा लेयर रेषांचा: या बिंदूंवरून आणि जमिनीच्या चढउतारावरून काढलेल्या सीमा. या रेषा नीट जुळल्या, की त्यांतूनच पॉलिगॉन तयार करायचे. आधी प्रत्यक्ष, मग अनुमान, मग रंग.

आणि रेषांच्या लेयरला जोडलेलं जे ॲट्रिब्यूट टेबल असतं, त्यात एक रकाना आवर्जून करायचा: ‘कसं कळलं?’ पाहिलं, अनुमान केलं, की जुन्या नकाशावरून उचललं. उचललं तर कोणाच्या? हा रकाना भरला की सॉफ्टवेअर सलग, तुटक, ठिपक्यांच्या रेषा आपोआप दाखवू शकतं. नाही भरला, तर सगळ्या रेषा सारख्याच ठाम दिसतात. सॉफ्टवेअरला स्वतःहून शंका येत नाही. ती आपल्याला टाइप करावी लागते.

आपल्या घरचं उदाहरण घेऊ. सह्याद्रीतले लाव्हाचे थर जवळजवळ आडवे, काळे, वरवर एकसारखे. स्मिथची जीवाश्मांची युक्ती लाव्हात कशी चालणार? १९८० च्या दशकात के. व्ही. सुब्बाराव, पीटर हूपर, कीथ कॉक्स अशा अभ्यासकांनी खडकांच्या रासायनिक घडणीवरून थर ओळखले. जव्हार, इगतपुरी, भीमाशंकर, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही गावांची, ठिकाणांची नावं थरांना मिळाली. रसायन हाच इथला जीवाश्म झाला. पण नमुने मुख्यतः घाटरस्त्यांच्या कडेनं गोळा केलेले; दोन घाटांच्या मधली रेषा म्हणजे पुन्हा अनुमान. १९८८ साली सुब्बाराव आणि हूपर यांचा पश्चिम घाटाचा नकाशा आला, तेव्हा त्यांनी शीर्षकातच तो प्राथमिक पाहणीचा असल्याचं सांगून टाकलं. असा नकाशा संगणकावर उतरवून घेताना सर्वांत आधी गळतं ते शीर्षक!

यात बिघडतं काय? समजा, एखाद्या गावाला बोअर घ्यायची आहे. सच्छिद्र मांजऱ्या खडकात पाणी मिळण्याची आशा जास्त, घट्ट काळ्या कातळात कमी. कोणीतरी पडद्यावर नकाशा मोठा करून म्हणतं, ‘रेषेच्या अलीकडे खोदा.’ पण मूळ नकाशा पन्नास हजारास एक या प्रमाणाचा असेल, तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. पडदा कितीही मोठा केला तरी मूळ माहिती तेवढीच राहते. मोठी होते ती फक्त आपली खात्री. पैसे जातात ते मात्र गावाचे.

म्हणून, मंडळी, सॉफ्टवेअर जरूर शिका. त्याची बटणं महिन्याभरात हाताखाली येतात. त्याबरोबर एक सवय लावून घ्या. आपल्या नकाशातल्या कोणत्याही रेषेवर बोट ठेवून कोणी विचारलं, ‘ही कशावरून?’, तर उत्तर त्या नकाशातच सापडलं पाहिजे. ‘मी स्वतः पाहिलं’ हे उत्तर उत्तमच. ‘इथे पाहिलं नाही, अमुक कारणानं अनुमान केलं’ हेही तितकंच मानाचं आहे. ज्या रेषेला दोन्हींपैकी एकही उत्तर नाही, ती काढायची नाही. तिथे जागा कोरी ठेवायची. कोरी जागा पाहून पुढचा माणूस निदान हातोडी घेऊन तिथे जाईल.